सीपॅप मशीन माळ्यावर टाकायच्या आधी हे करून बघा

बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा बातम्यांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया (झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडणं) हे नाव बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा ऐकलं, आणि मग बायकांनी नवऱ्याच्या घोरण्याकडे जरा गंभीरपणे कान दिला. स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास तपासायची चाचणी) झाल्या, मास्कमधून दाबाने हवा देणारी सीपॅप मशीनं घरी आली. आता त्यातली कितीतरी मशीनं माळ्यावर आहेत, जुन्या मिक्सरच्या शेजारी. कारण विचारलं की उत्तरं ठरलेली, नाक कोरडं पडतं, गुदमरतं, पोट फुगतं, नाकावर वळ उठतो, त्या मास्कमध्ये झोपच लागत नाही. खरी आहेत सगळी, कोणी नाटक करत नाही. पण यातल्या जवळपास प्रत्येकावर काहीतरी करता येतं, फक्त मशीन देणारा माणूस ते सांगत नाही, तो डेमो देतो, सही घेतो आणि पुढच्या घरी पळतो.

आमचे हे सीपॅप लावतात. मास्कमधून हवा सुटून शिट्टी वाजली की त्यांना नाही, मला जाग येते, त्यामुळे या विषयातली अर्धी डॉक्टरकी मला सक्तीने आलीये. प्रेशर किती, औषध कोणतं हे डॉक्टरनाच विचारायचं, मी फक्त घरात काय करता येतं ते सांगते.

आधी हे मशीन करतं काय ते नीट कळायला हवं, नाहीतर त्रास कुठून येतोय तेच समजत नाही. हे ऑक्सिजनचं मशीन नाही. खोलीतलीच हवा ते आत ओढतं, फिल्टरमधून गाळतं आणि जरा दाबाने नाकात सोडतं, त्या दाबाने घसा मिटत नाही, बस. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, बहुतेक मशीनं ४ ते २० च्या मध्ये चालतात. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ मध्ये छापली तेव्हा सुरुवातीच्या पेशंटना मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवून घ्यावा लागायचा, तेव्हा आपलं बरंच बरं म्हणायचं. म्हणजे त्रास देणाऱ्या जागा तीनच, मास्क, हवा (तिचा ओलावा आणि तापमान) आणि दाब. आज मास्क बदलला, उद्या ह्युमिडिफायर (हवा ओली करणारी, मशीनला लागून असलेली पाण्याची टाकी) वाढवला, परवा उशी बदलली असं सगळं एकदम करू नका, एक बदल करा, चार-पाच रात्री बघा, मग दुसरा. नाहीतर बरं कशाने वाटलं ते कधीच कळत नाही.

मास्क, म्हणजे निम्मं भांडण इथेच

माझं स्पष्ट मत आहे, लोक मशीनवर हजारो रुपये घालतात, कुठली कंपनी चांगली याच्यावर तासभर बोलतात, आणि मास्क जो बॉक्समध्ये आला तो घालतात. उलटं करायला पाहिजे. मशीन साधं चालेल, मास्क चेहऱ्याला बसणारा हवा.

प्रकार तीन. नाकावर बसणारा नेझल, नाकपुड्यांना टेकणारा छोटा नेझल पिलो, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. ज्याला कोंडल्यासारखं होतं त्याला पिलो बरा पडतो, कारण डोळ्यांसमोर काही येत नाही, चष्मा लावून मोबाइलही बघता येतो. जो तोंड उघडं टाकून झोपतो किंवा ज्याचं नाक कायम चोंदलेलं असतं त्याला फुल फेस द्यावा लागतो, पण तो मोठा असल्यामुळे हवा सुटायच्या जागाही जास्त. मिशी जाड असेल तर नाकाखालची कड नीट बसत नाही, आणि मिशी काढा म्हटलं की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे, तिथे पिलो करून बघा. कवळी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, कवळी काढली की गाल आत जातात, चेहऱ्याचा आकारच बदलतो, त्यामुळे रात्री जशी झोपायची सवय तशाच अवस्थेत मास्क बसवून घ्या. दुकानात कवळी घालून माप दिलं आणि घरी काढून झोपलात तर लीक होणारच.

मास्क बसवायची पद्धत: उभं राहून आरशासमोर नाही. गादीवर आडवं व्हायचं, मशीन चालू करायचं, हवेचा दाब आल्यावर मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत हलकेच टेकवायचा म्हणजे त्याची सिलिकॉनची कड फुगून बसते, मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढायचे, मग कुशीवर वळून बघायचं. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. लीक झालं की सगळ्यांचा हात आधी पट्टा आवळायला जातो, आणि तिथेच चुकतं, कुकरची रिंग गेली असेल तर झाकण कितीही दाबा वाफ सुटणारच, तसं आहे हे. आवळल्याने कड चपटी होते, लीक वाढतं आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ. वळ तासाभरात गेला तर ठीक. कातडी सोलली, फोड आला, तर तो मास्क बंद, जखमेवर पुन्हा तोच मास्क चढवायचा नाही, दुसऱ्या प्रकारचा लावा ज्याचा भार नाकाच्या दांड्यावर येत नाही. कापडी लायनर मिळतात, ते मास्क आणि चेहऱ्याच्या मध्ये ठेवले की घामाची खाज पण कमी होते, एप्रिल-मेमध्ये तर लागतातच.

आता तेल. आपल्याकडे रात्री डोक्याला खोबरेल थापून झोपायची सवय, ते पट्ट्याला लागतं, पट्टा सैल पडतो, चेहऱ्यावर आलं की मास्क घसरतो. वळ उठला म्हणून व्हॅसलिन फासणारे पण आहेत, पेट्रोलियम जेलीने सिलिकॉन खराब होतं. तेल सकाळी लावा, रात्री चेहरा साबणाने धुवून कोरडा पुसा, आणि मास्कची कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात बेबी शॅम्पू नाहीतर साधा सौम्य साबण घालून धुवा. डेटॉल, ब्लीच, सॅनिटायझर काही नको. ओझोनने साफ करणारी डब्बी विकतात ती पण नको, ओझोन मशीनच्या आतल्या भागांना खराब करू शकतो आणि फुप्फुसांना तर चांगला नाहीच.

डोळे सकाळी लाल, चुरचुरतात? मास्कच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यात जातेय, नवा चष्मा करायला पळू नका, आधी मास्क बघा.

आणि हे मात्र गंमत म्हणून सोडू नका: काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतात. घालणाऱ्याला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) बसवलेला असेल, तर चुंबक नसलेला मास्कच मागा.

नाक, घसा आणि एसीची भानगड

मुंबईत एवढा दमटपणा, मग नाक कोरडं कसं पडतं असं सगळेच विचारतात. कारण खोलीत एसी. एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि ती कोरडी गार हवा मशीन रात्रभर नाकात ढकलतं. नाक त्याला उत्तर म्हणून आणखी सुजतं, चोंदतं, शिंका येतात, कधी रक्ताचा थेंब पण दिसतो. यावर ह्युमिडिफायरचा आकडा एकेक करून वाढवायचा.

पण आकडा वाढवला आणि एसी १८ वर ठेवला की दुसरं सुरू होतं. गरम ओली हवा गार पाइपमधून येताना पाणी धरते, पाइपमध्ये गुडगुड आवाज, मध्यरात्री नाकावर थेंब, माणूस दचकून उठतो आणि म्हणतो मशीन बिघडलं. बिघडलेलं नसतं. एसी २५-२६ वर आणा, पाइप चादरीच्या किंवा गोधडीच्या आतून घ्या, नाहीतर पाइपला कापडी कव्हर घाला, तरी झालंच तर ह्युमिडिफायर एक आकडा खाली. काही मशीनना गरम होणारा पाइप मिळतो, तो महाग आहे पण एसीत झोपणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. जे नुसत्या पंख्यात झोपतात त्यांना पावसाळ्यात ह्युमिडिफायर अगदी कमी ठेवून, कधी बंद ठेवूनही चालतो, उगाच ७-८ वर ठेवून गुदमरू नका.

मशीन ठेवायचं डोक्याच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे पाइपमधलं पाणी मशीनकडे उतरतं, तोंडाकडे नाही. पलंग असेल तर बाजूला बुटकं स्टूल. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये जमिनीवर गाद्या घालून झोपणाऱ्यांना खाली जागाच नसते, त्यांनी मशीन पाटावर ठेवावं म्हणजे झाडताना उडणारी धूळ कमी ओढली जाईल, आणि पाइपला मध्ये जमिनीवर लोंबता झोल द्यावा. पाणी भरलेलं मशीन उचलून इकडचं तिकडे करायचं नाही, पाणी आत मोटरमध्ये जातं.

पाणी कुठलं? डिस्टिल्ड, मेडिकलमध्ये मिळतं. पेट्रोल पंपावर किंवा हार्डवेअरवाल्याकडे बॅटरीसाठी मिळतं ते आणू नका, ते फुप्फुसात जाणाऱ्या हवेसाठी केलेलं नसतं. एखाद्या रात्री संपलंच तर उकळून गार केलेलं चालवून घ्या, पण रोज नळाचं घातलं तर टाकीत पांढरा थर बसतो. रोज सकाळी उरलेलं ओतून द्या, टाकी धुवून उघडी वाळवा. पावसाळ्यात कालचंच पाणी ठेवलं की कुबट वास येतो आणि तो वास थेट नाकात.

चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचा म्हणजे सलाइनचा स्प्रे झोपायच्या आधी मारा, तो रोज चालतो. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्या. ॲलर्जी असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात, स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लगेच घाबरतात, पण त्याचा डोस अगदी लहान असतो आणि तो रोज घेतला तरच काम करतो, फरक पडायला काही दिवस जातात. घाबरायचंच असेल तर त्या नाक झटक्यात उघडणाऱ्या थेंबांना घाबरा, झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिनवाले. तीन-चार दिवसांच्या वर घातले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही, उलट जास्त चोंदतं, आणि लोक ते वर्षानुवर्षं उशीखाली ठेवून असतात.

सकाळी तोंड सुकून जीभ टाळूला चिकटत असेल तर रात्री तोंड उघडं राहतंय, हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर. आधी नाक मोकळं करा, कारण नाक बंद म्हणूनच तोंड उघडतं बहुतेक वेळा. मग हनुवटीचा पट्टा, नाहीतर फुल फेस मास्क. तोंडाला टेप लावायचे व्हिडिओ फिरतायत, ते डॉक्टरना न विचारता करू नका, नाक चोंदलं किंवा उलटी आली तर काय करणार.

पोट फुगणं

हे कोणी आधी सांगतच नाही. काही लोक झोपेत हवा गिळतात, सकाळी पोट टम्म, ढेकर, वारा सरत राहतो, आणि माणूस समजतो रात्रीची भाजी बाधली. साडेनऊला लोकलमधून उतरायचं, दहाला जेवायचं, अकराला मास्क लावून आडवं व्हायचं, हा आपला टाइमटेबल याला मदतच करतो. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा म्हणणं सोपं आहे, अंधेरी-विरार करणाऱ्याला ते जमत नाही, तर निदान रात्रीचं जेवण हलकं ठेवा, सोडा आणि कोल्ड ड्रिंक नको. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, नुसत्या दोन उशा नव्हे, कारण त्याने मान मोडते आणि घसा आणखी दाबला जातो, गादीखालीच काहीतरी घाला. डाव्या कुशीवर झोपा. ॲसिडिटी असेल तर तिचं औषध नीट घ्या.

तरी जात नसेल तर दाब जास्त आहे का ते डॉक्टरनी बघायला हवं. श्वास सोडताना दाब कमी करणारी एक सेटिंग असते, १ ते ३ असे तिचे आकडे, ती चालू केल्यावर पुष्कळांचं पोटही शांत होतं आणि श्वास सोडताना कोणीतरी अडवतंय असं वाटणंही कमी होतं. रॅम्प म्हणून दुसरी सोय, मशीन कमी दाबाने सुरू होतं आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढवतं. मात्र ४ पासून सुरू केल्यावर काही लोकांना उलट हवा पुरत नाही असं वाटतं, तेव्हा सुरुवातीचा दाब थोडा वाढवून मागा. या दोन गोष्टी बहुतेक मशीनमध्ये पेशंटच्या मेनूत असतात. मुख्य दाब मात्र डॉक्टरांच्या मेनूत लपवलेला असतो, तो उघडायची युक्ती यूट्यूबवर आहे आणि आपल्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक इंजिनियरला ती माहीत असते. हात लावू नका. दाब कमी पडला तर घसा पुन्हा मिटणार, जास्त झाला तर काही जणांत मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबायला लागतो.

कोंडल्यासारखं होणं

मास्क लावला की छाती धडधडते, हाताने ओढून काढावासा वाटतो, हा भित्रेपणा नाही, फार जणांना होतं. यावर उपाय दिवसा करायचा, रात्री नाही. संध्याकाळी मालिका बघताना नुसता मास्क हातात धरून चेहऱ्याला लावा, पट्टे नाहीत, पाइप नाही. जमलं की पट्टे. मग पाइप जोडून मशीन चालू, बसल्या बसल्याच, तोंड बंद ठेवून नाकाने श्वास. मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून, आणि मग रात्र. घाई करायची नाही, एखाद्या पायरीवर आठवडा लागला तरी चालेल. घाबरल्यावर मास्क काढा, पण शांत झालात की थोडा वेळ परत लावा, तसंच सोडून खोलीबाहेर जाऊ नका. घरच्यांनी हसायचं नाही, पोरांनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, हे मला घरात ओरडून सांगावं लागलं होतं.

झोपेची गोळी किंवा एक पेग घेऊन मास्क सहन करू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, दारूने आणि काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

पहाटे तीनला बाथरूमला उठून मास्क काढला आणि मग लावलाच नाही, हे पण फार होतं. स्वप्नांची झोप उत्तररात्री जास्त असते आणि श्वास अडायचं प्रमाण त्याच झोपेत सहसा वाढतं, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी मशीन बंद. मास्क डोक्यावरच ठेवून फक्त पाइप काढायचा, परत येऊन जोडायचा. सुरुवातीच्या काही रात्री स्वप्नं जास्त आणि ठळक पडली तर घाबरू नका, झोप आपली थकबाकी वसूल करतेय.

धूळ, कबुतरं, गावची लाइट

शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असेल तर फिल्टरकडे महिनाभर बघायचं नाही असं करू नका, राखाडी दिसला की बदला. काही फिल्टर धुवायचे असतात, काही फेकायचे, फेकायचा धुवून परत बसवू नका. फिल्टर तुंबला की मशीन आवाज करायला लागतं, एरवी ते पंख्यापेक्षा शांत असतं. धुतलेला मास्क आणि पाइप बाल्कनीत वाळत घालू नका, तिथे कबुतरं बसतात, त्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसाला वाईट, शिवाय उन्हाने सिलिकॉन कडक होतं. बाथरूमच्या दाराला आतून टांगा, नाहीतर घरातच दोरीवर. दिवसा मशीन स्वच्छ कापडाने झाका.

गणपतीला कोकणात जाताना मशीन न्यायचं. तिथे रात्री लाइट जाते, इन्व्हर्टर असेल तर ह्युमिडिफायर बंद करून चालवा, पाणी गरम करायलाच जास्त वीज लागते. लाइट गेली आणि मशीन बंद पडलं तर मास्क काढून टाका, गुदमरायला होऊ नये म्हणून मास्कला भोकं आणि फुल फेसला झडप असते पण अंगावर ठेवायचं कारण नाही, अशा रात्री कुशीवर झोपा. ट्रेनमधले पॉइंट मोबाइलसाठी असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. विमानात मशीन केबिनमध्येच घ्या, टाकी कोरडी करून, आणि प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स जवळ ठेवा.

डॉक्टरकडे कधी

कान सतत दुखतोय किंवा बंद वाटतोय, नाकातून वारंवार रक्त येतंय, सर्दी होऊन ताप आला, चेहऱ्यावरची जखम भरत नाही, किंवा नियमित लावूनही दिवसा डुलक्या येतायत, तर थांबू नका. डुलक्या येत असतील तोवर गाडी चालवायची नाही, लोकलमधली डुलकी वेगळी आणि एक्स्प्रेसवेवरची वेगळी. मशीनच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये एएचआय म्हणून आकडा दिसतो, तासाला श्वास किती वेळा अडला किंवा अर्धवट झाला त्याचा. मशीन लावून तो ५ च्या खाली राहायला हवा. एका रात्री ७ आला म्हणून पळायचं नाही, पण आठवडाभर वरच राहिला, किंवा लीकचा आकडा रोज लाल दाखवतोय, तर दाखवा.

प्रायव्हेट परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत छातीविकारांची ओपीडी आहे, सकाळी लवकर जावं लागतं एवढंच. सगळं करूनही सीपॅप सहन होत नसेल तर तसं डॉक्टरना सरळ सांगा, घरी बंद करून बसू नका. श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं बायपॅप असतं, सौम्य-मध्यम त्रासाला डेंटिस्ट खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण करून देतात (त्यानेही जबडा दुखतो आणि लाळ गळते, ते फुकटचं सुख नाही), काहींना वजन उतरवून किंवा नाकाच्या ऑपरेशनने फरक पडतो.

जाताना मशीनचं मेमरी कार्ड न्या, मास्क न्या, पट्टे रोज जसे लावता तसेच ठेवून. डॉक्टरांसमोर लावून दाखवा, आडवं होऊन. "मला त्रास होतो" एवढंच सांगितलं तर ते तरी काय करणार, कुठे, रात्री किती वाजता, नाकात की पोटात, ते लिहून न्या. आणि मशीनच न्यायला सांगितलं असेल तर टाकी रिकामी करूनच पिशवीत भरा.